लष्करी खेळांची पार्श्वभूमी : निकाल कोष्टकाचा की पंचाचा?

आर्वी-पुलगाव रस्त्यावर पहाटे १६०० मीटरची वेळ लावणारी पोरं दुपारी अभ्यासिकेत मोबाईलवर गोळीबाराचे गेम खेळताना दिसली, की घरचे म्हणतात, आता झाली भरती! पण फौजा स्वतःच खेळांतून शिकवत आल्यात.

प्रशियात १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवणं सुरू झालं. कुणाचं किती नुकसान हे ठरवणारी नियमांची कोष्टकं वाढत गेली, खेळ रखडू लागला. १८७६ मध्ये एका सेनाधिकाऱ्याने फासे-कोष्टकं बाजूला सारून निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवायची पद्धत मांडली. भांडण तिथलं आहे आणि ते मिटलेलं नाही. पंच म्हणजे वरिष्ठ साहेब. त्याला न पटणारी चाल कोण खेळणार? आक्षेप रास्तच. तरी आमचा कौल पंचाला. कुणालाच न सुचलेली चाल कुणी खेळला, तर कोष्टकात तिला रकानाच नसतो. पंच निदान थांबून विचार करू शकतो.

संगणकाने कोष्टक मागच्या दाराने परत आणलं, निकाल पुन्हा आधी ठरलेल्या नियमांनी. १९९६ च्या सुमारास अमेरिकी मरीन सैनिकांनी ‘डूम’ या गेममधले राक्षस काढून शत्रुसैनिक घातले. चौघांच्या तुकडीचा ताळमेळ बसवायला. २००२ चा फुकट वाटलेला अमेरिकी लष्कराचा ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम मात्र मुळात भरतीच्या जाहिरातीसाठी होता. प्रशिक्षणाच्या इतिहासात त्याचं नाव उगाच पुढे केलं जातं. खरी निकड इराकमध्ये आली. रस्त्याकडेचे बॉम्ब, ताफ्यांवरचे हल्ले, रोज नवी शक्कल. गेममध्ये त्याच त्या वळणावर तिसऱ्यांदा हल्ला झाला तर सैनिक गेम शिकतो, लढाई नाही. शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल सरळ पट्टीवर वारा होतो, वखराला जुंपला की अडतो, तसं. म्हणून तुकड्यांना स्वतःच प्रसंग रचता येतील असे गेम आले. प्रशिक्षक मध्येच रस्ता बंद करतो, संपर्क तोडतो. खेळ संपला की चर्चा : काय दिसलं, काय ठरवलं, का? म्हणजे पंच परत आलाच.

आपल्याकडे दिल्लीत लष्कराचं युद्धखेळांचं केंद्र जुनंच. पण २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर गणित बदललं : सेवा चार वर्षांची, त्यात प्रशिक्षण जेमतेम काही महिन्यांचं. कवायत, हत्यार, मैदान यांतून उरलेल्या वेळात गेम बसवायचा म्हटलं, तर पहिली कात्री त्या चर्चेलाच लागण्याची भीती आहे.