हंपीचे दुभंगलेले धोंडे: आपोआप फुटलेला कोणता, पाचर ठोकून फोडलेला कोणता?

हंपीत दोन तुकडे झालेला धोंडा दिसला की बघणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते तो ऊन-पावसाने फुटला. दुसऱ्याला एवढी सपाट फोड हाताने शक्यच वाटत नाही, म्हणून तो हरवलेल्या विद्येकडे बोट दाखवतो. हंपीत निसर्गाने फोडलेले धोंडे आहेत आणि माणसाने फोडलेलेही. फरक कळतो तो फुटलेल्या बाजूच्या काठांवर, मधल्या सपाटीवर नाही.

आधी निसर्गाचं काम. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला मुळातच उभ्या-आडव्या भेगा होत्या. जमिनीखाली असताना पाणी त्या भेगांत उतरलं, ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होत गेली, कोपरे सगळ्यात आधी झिजले आणि मधले गोल गाभे टिकले. पुढे माती वाहून गेली आणि गाभे एकमेकांवर टेकलेले उरले. सह्याद्रीतल्या घाटरस्त्याच्या दरडीत बेसॉल्टचे गोळे कांद्यासारखे पापुद्रे सोडताना दिसतात, त्याच जातीची ही झीज.

म्हणून नैसर्गिक भेगेच्या कडा बोथट, गोलसर असतात. आतल्या दोन्ही बाजू बाहेरच्या पृष्ठभागाइतक्याच तांबूस, खरबरीत होतात. भेग बऱ्याचदा एका धोंड्यापुरती थांबत नाही, शेजारच्या दगडातही त्याच दिशेची भेग सापडते. दुसरा प्रकार पापुद्र्याचा: फोड धोंड्याच्या गोलाईला समांतर वळते. काठावर खाच मात्र कुठेच नसते.

पाचरीने फोडलेल्या धोंड्याच्या काठावर आयताकृती खाचांची रांग असते. दगड दुभंगला की प्रत्येक खाचही दुभंगते, त्यामुळे वरच्या कडेला अर्ध्या खाचा दातांसारख्या उरतात आणि त्यांच्याखाली टाकीचा एकही घाव नसलेली सपाट फोड. गोंधळ इथेच होतो. एवढ्या मोठ्या सपाटीवर हत्याराची खूण नाही म्हणून लोक चक्रावतात. पण ती बाजू तासलेलीच नाही, फाटलेली आहे. ग्रॅनाइटला वाळूच्या दगडासारखे थर नसतात, ताण एका रेषेत दिला की तडा बऱ्यापैकी सरळ जातो.

काम असं चालतं. दगड कुठल्या दिशेने सहज फाटतो ते पाथरवट आधी ओळखतो आणि त्या दिशेने रेघ आखतो. रेघेवर छिन्नीने खाचा पाडतो: तोंडाशी रुंद, खाली निमुळत्या. मग लोखंडी पाचरी बसवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकीवर बेताचा घाव, आणि पुन्हा पहिलीपासून. एकाच पाचरीवर जोर काढला तर तेवढाच टवका उडतो. पाचर तळाला टेकता कामा नये, कारण रेटा खाचेच्या बाजूंवर पडला तरच दगड फाटतो. तळाला टेकली की घाव वाया जातो आणि खाचेचं तोंड तुटतं. पाचरीचा खणखणीत आवाज बद्द झाला की तडा आत सुरू झालाय असं समजायचं आणि थोडं थांबायचं.

बिघडतं कुठे? खाचा फार लांब-लांब पडल्या तर तडा रेघ सोडतो. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक भाग ठेवला तर तो बारीक भागाकडे वळून बाहेर पडतो, म्हणून निम्म्याने फोडत जाणं उत्तम. आत जुनी भेग लपलेली असेल तर तडा तिच्यात शिरतो. हंपीत खाचांची रांग पाडून तसेच सोडलेले धोंडेही आहेत. फुटलेल्या धोंड्यांपेक्षा हे जास्त मोलाचे, कारण पूर्ण खाचेचा आकार आणि दोन खाचांमधलं अंतर तिथेच मोजता येतं.

लाकडी पाचर ठोकून वर पाणी ओतायचे, हे तिथे हमखास सांगितलं जातं. मला ते या खाचांना लागू वाटत नाही. उथळ, तोंडाशी रुंद खाचेत लाकूड फुगलं तरी ते वर सरकतं. लोखंडी पाचर आणि घण पुरेसे आहेत. दक्षिणेत ग्रॅनाइट आजही हाताने असाच फोडतात.

एक सावधगिरी काळाबद्दल. फोडीवर वरून खाली उतरणारी अर्धगोल नळीसारखी पन्हळ दिसली तर ते ड्रिलचं भोक, म्हणजे अलीकडचं काम. १३३६ ते १५६५ या विजयनगरच्या काळात ते ढकलू नये. आयताकृती खाचही आपोआप जुनी ठरत नाही. तिची आतली बाजू धोंड्याच्या पाठीइतकी काळवंडली आहे का, तिच्यात दगडफूल चढलंय का, ते पाहावं.

खाचांसारखेच दिसणारे आणखी दोन प्रकारचे खड्डे आहेत. खडकावर पाणी साचून झालेले वाडग्यासारखे खळगे वेडेवाकडे असतात, रांगेत नसतात. खांब रोवायला कोरलेले खड्डे मोठे असतात, आणि त्यांच्या समोर तशाच खड्ड्यांची दुसरी ओळ सापडते. बघायला जायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. डोक्यावरच्या उन्हात उथळ खाच दिसतच नाही.