पायवरचं कोडी आणि एमपेग-२ ची की : पार्श्वभूमी

रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणक-बोर्डावर कोडी, म्हणजे टीव्हीवर आपल्या संग्रहातले व्हिडिओ दाखवणारा मोफत प्रोग्रॅम, बसवणं आता किरकोळ काम झालं आहे. मेमरी कार्डावर तयार प्रणालीची प्रत (इमेज) लिहायची, टीव्हीला जोडायचं, भाषा निवडायची, की झालं. तरीही एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो: एकाच घरातल्या दोन पायवर, त्याच हार्ड डिस्कवरची तीच फाइल, एकीकडे सुरळीत चालते आणि दुसरीकडे अडखळते, असं का? दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचं (डिकोड करण्याचं) काम चिपमधलं खास हार्डवेअर करतं की प्रोसेसर, आणि त्या कामाचे पैसे कधी, कोणी मोजले, यात त्याचं उत्तर आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. कोडी म्हणजे मूळचं एक्सबीएमसी, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी २००२-०३ च्या सुमारास हौशी मंडळींनी सुरू केलेलं. त्या यंत्रात ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम होती, आणि कोडी चालवायला ते आधी 'मॉड' करावं, म्हणजे त्यातली कंपनीची बंधनं काढावी लागत. मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट किट वापरल्याशिवाय प्रोग्रॅम तयार होत नव्हता, म्हणून लिहिणारे फक्त सोर्स कोड देत. तयार फाइल वाटणं बेकायदेशीर ठरलं असतं. २००७ मध्ये लिनक्सवर नेण्याचं काम सुरू झालं, २०१० मध्ये एक्सबॉक्सची शाखा मूळ प्रकल्पातून वेगळी झाली आणि २०१४ मध्ये नाव बदलून कोडी झालं. जेमतेम यंत्रातून जास्तीत जास्त काम काढून घेण्याची सवय या मंडळींना तिथेच लागली. पुढे ती फार उपयोगी पडली.

२९ फेब्रुवारी २०१२ ला पाय विक्रीला आला. ३५ डॉलरच्या मॉडेल बी मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर होता, तोही जुन्या एआरएम११ जातीचा, आणि २५६ एमबी रॅम. ही रॅमही प्रोसेसर आणि ग्राफिक्सला वाटून दिलेली. सुरुवातीला ही वाटणी बदलायची तर कार्डावरची एक फर्मवेअर (चिप चालवणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमची) फाइल काढून तिच्या जागी दुसरी ठेवावी लागे. कागदावर हा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीच्या एक्सबॉक्सच्याही मागे होता. पण त्याच चिपमधल्या व्हिडिओकोअर ४ या ग्राफिक्स भागात १०८० पी ची एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याचा सर्वांत प्रचलित प्रकार) फाइल सहज उलगडणारं हार्डवेअर होतं. विक्री सुरू व्हायच्या आधीच, जानेवारी २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या एका लिनक्स मेळाव्यात पायवर एक्सबीएमसी चालवून दाखवलं गेलं आणि टीव्हीमागे लपवता येईल असा स्वस्त, पंख्याविना चालणारा मीडिया सेंटर म्हणून या बोर्डाची चर्चा सुरू झाली. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी बनवलेला बोर्ड पहिल्या वर्षभरात अनेक घरांत टीव्हीमागे जाऊन बसला तो यामुळे.

इथे पहिला मोठा वाद उभा राहिला, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास समजायला तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चिपमध्ये एच.२६४ बरोबर एमपेग-२ (डीव्हीडीत वापरला जाणारा जुना प्रकार) आणि व्हीसी-१ (असाच आणखी एक प्रकार) उलगडण्याची सोयही होती. हार्डवेअर तयार होतं, फक्त फर्मवेअरने ते बंद ठेवलं होतं. एच.२६४ चा परवाना बोर्डाच्या किमतीत धरलेला होता, कारण त्याचे दर सौम्य होते: वर्षाला पहिल्या एक लाख नगांना काहीच नाही, त्यापुढे नगामागे २० सेंट. एमपेग-२ च्या पेटंटधारकांचा गट मात्र त्या काळात नगामागे दोन डॉलर घेत होता. ३५ डॉलरच्या वस्तूत, आणि २५ डॉलरच्या मॉडेल ए मध्ये तर अधिकच, ही रक्कम जड होती. शाळेत पायथन शिकणाऱ्या मुलाने कधीही न लावल्या जाणाऱ्या डीव्हीडीसाठी ती का भरावी?

ऑगस्ट २०१२ मध्ये तोडगा जाहीर झाला. ज्याला हवं त्याने वेगळी लायसन्स की विकत घ्यावी: एमपेग-२ साठी २.४० पाउंड, व्हीसी-१ साठी १.२० पाउंड. बोर्ड चालू करून टर्मिनलमध्ये प्रोसेसरची माहिती काढायची, शेवटच्या ओळीतला सोळा आकडी सीरियल नंबर उतरवून घ्यायचा, विक्रीच्या पानावर तो भरून पैसे द्यायचे आणि ईमेलची वाट बघायची. ईमेलमध्ये एक छोटासा हेक्स आकडा येई. तो कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डिकोड एमपीजी२' या ओळीपुढे लिहून बोर्ड पुन्हा सुरू केला, की तोवर स्थिरचित्रांसारखी अडकत चालणारी डीव्हीडीची फाइल एकदम पाण्यासारखी वाहायला लागे. ही की त्या एका बोर्डापुरतीच असे. बोर्ड जळाला तर कीही गेली. मात्र एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन आठपर्यंत की लिहिता येत, म्हणजे एकच कार्ड घरातल्या वेगवेगळ्या पायमध्ये फिरवायची सोय होती. हे ज्याने कोणी सुचवलं, त्याला वापरणाऱ्यांची गरज कळली होती.

टीका पुष्कळ झाली. विकत घेतलेल्या चिपमधला भाग कुलूप लावून ठेवायचा आणि कुलपाचे पैसे वेगळे मागायचे, ही मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने वाढलेल्या वस्तूला शोभणारी गोष्ट नाही, असं अनेकांचं म्हणणं होतं. पुढे फर्मवेअरमधली ही तपासणीच निकामी करणारा पॅचही फिरू लागला. भारतातून पाहताना हा आक्षेप आणखी धारदार वाटतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे संगणक प्रोग्रॅमला केवळ प्रोग्रॅम म्हणून पेटंट मिळत नाही, मग इथल्या माणसाने हा भार का उचलावा? पण परवाना चिपमधल्या हार्डवेअरसकट विकल्या जाणाऱ्या वस्तूला लागू होता आणि ती वस्तू विकणारे ब्रिटनमध्ये होते. तिथला आणि अमेरिकेतला कायदा टाळून त्यांना बोर्ड विकता आला नसता.

मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता, आजही वाटतो. दुसरे दोनच मार्ग होते. सगळ्यांकडून दोन डॉलर घ्यायचे, किंवा एमपेग-२ चं हार्डवेअर कायमचं बंद ठेवायचं. त्याऐवजी किंमत उघडपणे सांगितली गेली आणि ज्याला गरज त्यानेच ती दिली. त्या वेळी इथून दोनेकशे रुपये भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड लागे आणि ते सगळ्यांकडे नसे, ही अडचण खरी होती. पण ती कार्डांची अडचण होती.

आणि आपल्याकडे गरज होतीच. मराठी नाटकं आणि चित्रपट घराघरात पोचले ते आधी व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर. व्हीसीडीतलं एमपेग-१ इतकं लहान असतं की पायचा दुबळा प्रोसेसरही ते ओढू शके. डीव्हीडीतलं ७२० बाय ५७६ चं एमपेग-२ मात्र त्याला झेपत नसे. परदेशी गेलेल्या मंडळींनी सामानात बांधून नेलेल्या नाटकांच्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवल्या, तेव्हा पहिली गाठ या कीशीच पडली. दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेचंही तेच. त्या काळात तिथल्या बहुतेक वाहिन्या एमपेग-२ मध्येच येत. डिशची तार यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर पायला आणि मधे टीव्हीहेडएंड हा वाहिन्या पुरवणारा प्रोग्रॅम अशी जोडणी करून सह्याद्री पाहायची, तर कीशिवाय पडद्यावर आवाज आणि चौकोनी ठिगळं एवढंच येई.

ज्या घोषणेत की आली, तिच्यातच एचडीएमआय-सीईसी आलं, आणि रोजच्या वापरात त्याने कीपेक्षाही जास्त फरक पाडला. टीव्हीच्या रिमोटनेच कोडी चालू लागलं. घरातल्या ज्येष्ठांना कीबोर्ड हातात द्यायची गरज संपली. टीव्ही कंपन्यांनी या सोयीला एनीनेट प्लस, सिंपलिंक, ब्राव्हिया सिंक अशी आपापली नावं दिल्यामुळे ती आपल्या टीव्हीत आहे हेच अनेकांना कळत नाही. सेटिंगमध्ये ही नावं शोधावीत.

जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या एक्सबीएमसीच्या बाराव्या आवृत्तीपासून पायला अधिकृत पाठिंबा मिळाला. तोवर रास्पबीएमसी आणि ओपनइलेक या दोन तयार वितरणांनी (कार्डावर लिहून लगेच वापरता येणाऱ्या संचांनी) जम बसवला होता. पहिलं डेबियनवर उभं होतं, त्याची जागा २०१५ पर्यंत ओएसएमसीने घेतली. दुसरं कोडीपुरतंच कापून काढलेलं. त्यातल्या मंडळींत फूट पडून २०१६ मध्ये लिब्रइलेक निघालं आणि मूळचं मागे पडलं. त्याच सुमारास चार कोअरचे पाय २ आणि पाय ३ आले. त्यांच्या चिपमध्ये एचईव्हीसीचं (एच.२६४ नंतरच्या व्हिडिओ प्रकाराचं) हार्डवेअर नव्हतं, तरी कोडवर बारीक काम करून बेताच्या बिटरेटच्या एचईव्हीसी फाइली त्यांच्यावर चालवल्या गेल्या. एक्सबॉक्सच्या दिवसांतली सवय ती हीच.

एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने चोरीच्या प्रक्षेपणाचे ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम) आधीच घालून विकलेले प्लेअर बेकायदेशीर ठरवले. कोडी स्वतः काहीच दाखवत नाही, पण असे डबे विकणाऱ्यांमुळे त्याचं नाव विनाकारण डागाळलं. त्याच महिन्यात फायर टीव्ही स्टिक भारतात आली, आणि ज्यांना फक्त ओटीटी पाहायचं होतं त्यांनी पाय सोडला. उरले ते स्वतःचा संग्रह असलेले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एमपेग-२ ची अमेरिकेतली शेवटची पेटंट संपली. मलेशिया आणि फिलिपिन्समधली काही तेवढी शिल्लक होती. जून २०१९ च्या पाय ४ मध्ये ४के एचईव्हीसीचं हार्डवेअर आलं आणि कीचा प्रश्न उरलाच नाही. तिथे एमपेग-२ आणि व्हीसी-१ प्रोसेसरच उलगडतो आणि त्याला ते सहज जमतं. जुनी की पाय ४ वर लिहून 'चालत नाही' म्हणणारे अजून भेटतात. ती ओळ काढून टाकावी, तिथे तिचा काही उपयोग नाही.

मोठी उलथापालथ पडद्यामागे झाली. पायवरचा व्हिडिओ तोवर एमएमएएल नावाच्या, फक्त पायपुरत्या आणि बंद फर्मवेअरवर टेकलेल्या मार्गाने जात असे. फेब्रुवारी २०२१ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत कोडीने तो काढून टाकला आणि लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) सर्वांसाठीचा मार्ग धरला. पायसाठी वेगळं ठिगळ सांभाळण्याचं काम त्यामुळे कमी झालं आणि पाय ४ वर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) आलं. याची किंमत जुन्या बोर्डांनी मोजली. लिब्रइलेक १० आलं तेव्हा पाय २ आणि ३ ला थांबावं लागलं, तर पहिला पाय आणि पहिला पाय झीरो कायमचे बाहेर पडले. त्यांच्यासाठी कोडीची अठरावी आवृत्ती हीच शेवटची.

२०२३ च्या पाय ५ मध्ये गोष्ट उलटी फिरली. २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर आले, एचईव्हीसीचं हार्डवेअर राहिलं, पण एच.२६४ चं हार्डवेअर गेलं. जुना भाग १०८० पी च्या पुढे जात नव्हता आणि तेवढं काम नवा प्रोसेसर स्वतःच करतो, हा युक्तिवाद आकड्यांत बरोबर आहे. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेल्या डब्याचा विचार मात्र त्यात दिसत नाही. बहुतेकांच्या संग्रहात सगळ्यात जास्त फाइली एच.२६४ च्याच असतात. त्या प्रत्येक फाइलसाठी प्रोसेसरला राबवायचं म्हणजे जास्त वीज, जास्त उष्णता आणि बहुधा पंखा. २०१२ मध्ये निदान काय बंद आहे आणि ते उघडायला किती पैसे लागतील, हे लिहून दिलं होतं. २०२३ च्या तपशिलाच्या यादीत फक्त ४के एचईव्हीसी ठळक दिसतं, आणि एच.२६४ चा उल्लेख नाही याचा अर्थ ग्राहकाने स्वतः लावायचा.

फक्त मीडिया सेंटरसाठी बोर्ड घ्यायचा असेल आणि संग्रह एच.२६४ व एचईव्हीसीचा असेल, तर पाय ४ चा २ जीबीचा नग पुरतो, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात तो पंख्याविना चालतो. डीव्हीडीवरून उतरवलेली जुनी नाटकं पाय ४ आणि पाय ५ दोन्हींवर सारखीच चालतात. ज्यांच्याकडे अजून पाय ३ आहे त्यांनी आपली की कॉन्फिग फाइलसकट कुठेतरी जपून ठेवावी. कार्ड बिघडलं तर ती त्याच बोर्डावर पुन्हा लिहिता येते.