मोरोक्कोची सादिनी आणि महिला कराटेचं एकमेव ऑलिम्पिक

टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या ६१ किलोखालील कुमितेची, म्हणजे कराटेतल्या प्रत्यक्ष लढतीची, स्पर्धा ६ ऑगस्ट २०२१ रोजी निप्पॉन बुडोकानमध्ये झाली. मोरोक्कोची ब्तिसाम सादिनी त्या गटात खेळली आणि साखळीतच बाहेर पडली. सुवर्णपदक सर्बियाच्या योवाना प्रेकोविचने जिंकलं. ती साखळी गाठणं मुळात किती अवघड होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कराटेची पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये टोकियोत झाली, ती फक्त पुरुषांसाठी. महिलांना काताचं, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकटीने करून दाखवण्याच्या प्रकाराचं, दार १९८० मध्ये माद्रिदला उघडलं आणि कुमितेचं १९८२ मध्ये तैपेईला. डोक्यावर हिजाब घेणाऱ्या खेळाडूंना तर आणखी तीन दशकं थांबावं लागलं. जागतिक महासंघाने ठरावीक प्रकारच्या हिजाबला मान्यता दिली ती २०१२-१३ च्या सुमारास. कित्येक मुलींची उमेदीची वर्षं त्याआधीच निघून गेली होती.

मोरोक्कोत महिला खेळाडूंना मान मिळवून दिला तो ॲथलेटिक्सने. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला गेलेल्या मोरोक्कोच्या पथकात नवाल एल मुतवकिल ही एकटीच महिला होती. तिने ४०० मीटर अडथळा शर्यतीचं सुवर्ण जिंकलं. अरब देशातल्या महिलेचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पुढे ती देशाची क्रीडामंत्रीही झाली. तिच्यामागून नेझा बिदुआन आणि हसना बेनहस्सी यांनीही ऑलिम्पिक पदकं आणली, पण धावपट्टीवरूनच. कराटेच्या मुलींपुढे ऑलिम्पिकचं स्वप्नच नव्हतं, कारण ऑगस्ट २०१६ पर्यंत कराटे ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच.

आलं तेही फार आखडत्या हाताने. जागतिक स्पर्धेत महिलांच्या कुमितेचे पाच वजनी गट असतात, टोकियोत तीनच ठेवले. ५० आणि ५५ किलोचे गट एकत्र केले, ६८ आणि त्यावरचे एकत्र केले. ६१ चा गट तेवढा जसाच्या तसा राहिला. सादिनीचं वजन बदललं नाही, प्रतिस्पर्धी बदलल्या नाहीत, पण जागा फक्त दहा. त्यातली एक यजमान जपानची. उरलेल्या जागतिक क्रमवारी, जून २०२१ मधली पॅरिसची पात्रता स्पर्धा आणि खंडांसाठी राखलेला कोटा यांतून भरायच्या. क्रमवारीचे गुण मिळवायला जगभर फिरावं लागतं. मोरोक्कोच्या मुलींसाठी घरच्या मैदानावरची संधी म्हणजे राजधानी रबातला होणारा प्रीमियर लीगचा, म्हणजे कराटेच्या जागतिक स्पर्धामालिकेचा, टप्पा. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नेमका तोच रद्द झाला.

टोकियोत साखळीसाठी पाच-पाच जणींचे दोन गट, प्रत्येकीच्या चार लढती, गटातल्या पहिल्या दोघी उपांत्य फेरीत. लढत तीन मिनिटांची. ठोशाला एक गुण, अंगावर बसलेल्या लाथेला दोन, डोक्याला लागलेल्या लाथेला तीन. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच थांबते. बरोबरी झाली, तर जिने समोरचीच्या आधी पहिला गुण घेतला ती जिंकते. त्यामुळे सुरुवातीला दोघीही नुसत्या अंतर मोजत पुढे-मागे सरकत राहतात. पाहणाऱ्याला ते संथ वाटतं, पण माझ्या मते कुमितेचं खरं कसब त्याच सेकंदांत दिसतं. पहिला हात जिचा लागला तिला उरलेला वेळ सांभाळून खेळता येतं, दुसरीला मात्र पुढे यावंच लागतं, आणि पुढे येणारीच उघडी पडते.

सादिनीच्याच वजनी गटात इजिप्तच्या जियाना लोत्फीने कांस्य मिळवलं. दुसऱ्या दिवशी ६१ किलोवरच्या गटात फेरियाल अब्देलअझीझने सुवर्ण जिंकलं, इजिप्तच्या महिलेचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. उत्तर आफ्रिकेच्या मुली या खेळात कुठवर पोचल्या आहेत, हे त्या दोन दिवसांत साऱ्या जगाला दिसलं.

आणि तेवढ्यावरच दार मिटलं. पॅरिस २०२४ मध्ये कराटे नसणार, हे फेब्रुवारी २०१९ मध्येच, म्हणजे टोकियोच्याही आधी, स्पष्ट झालं होतं. लॉस एंजेलिस २०२८ साठी विचारात घेतलेल्या खेळांत ते होतं, पण निवड झाली क्रिकेट, स्क्वॉश वगैरे पाच खेळांची. क्रिकेट आल्याचा आपल्याकडे केवढा आनंद झाला! त्याच यादीतून कराटे गळलं, याची मात्र कुठे फारशी वाच्यता झाली नाही. खेळाडू चार-चार वर्षांचा हिशेब मांडून सराव करतात. सादिनीच्या पिढीला तो मांडायला पुढचं ऑलिम्पिकच ठेवलं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता मोरोक्कोच्या मुलींसाठी पुन्हा आफ्रिकी अजिंक्यपद, जागतिक स्पर्धा आणि प्रीमियर लीग. २०२३ मध्ये रबातला आणि २०२४ मध्ये कॅसाब्लांकाला लीगचे टप्पे झाले. तिथे पाचही वजनी गट असतात, त्यामुळे ५० किलोच्या मुलीला ५५ च्या मुलीसमोर उभं राहावं लागत नाही.