“फोटो तर मीच पाठवला हुता”

“मॅडम, फोटो तर मीच पाठवला हुता.” कोल्हापुरात वकिलासमोर येऊन बसलेल्या मुलीचं पहिलं वाक्य बऱ्याचदा हेच असतं. सोबत मावशी असते, आणि घरी वडिलांनी रागाच्या भरात मोबाइल फोडलेला असतो, म्हणजे पुरावाच गेला. तिचा खासगी फोटो पसरवायचा गुन्हा पोराने केलेला, आणि कबुली दिल्यासारखी बोलते ही.

तिला असं वाटावं, यात कायद्याचाही हात आहे. १८६० च्या दंड संहितेचं कलम २९२ चित्र अश्लील आहे का, एवढंच बघायचं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ त्याच वळणाचं. चित्रातल्या बाईला विचारलं होतं का, हा प्रश्नच नव्हता. तो आला २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने, कलम ६६ई मधून. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पसरवणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्याच दुरुस्तीतलं ६७ए मात्र पुन्हा अश्लीलतेचंच, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत. बाईची संमती स्वस्त, समाजाची लाज महाग!

मुलीच्या त्या वाक्याला सरळ उत्तर मिळालं २०१३ मध्ये. दिल्लीतल्या २०१२ च्या बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर आलेल्या, दंड संहितेच्या कलम ३५४सी च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की फोटो काढायला तिची संमती असली, पण इतरांना दाखवायला नसली, तर तो पसरवणं गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७.

शिक्षा नंतरची गोष्ट; आधी फोटो खाली उतरायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने समाजमाध्यम कंपन्यांवरची मजकूर हटवायची सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशापुरती ठेवली. उच्च न्यायालयात जायचं तर इथल्या माणसाला मुंबई गाठावी लागे. २०२१ च्या नियमांनी पीडितेच्या थेट तक्रारीवर २४ तासांत फोटो हटवायचं बंधन घातलं, त्यात मॉर्फ केलेले, म्हणजे फेरफार करून बनवलेलेही आले; फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत दोन तासांची झाली. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टात बसतं. वकिलाच्या फीची अडचण असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. फसवणुकीसाठी ठाऊक असलेला १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर. वकील देणारा नव्हे. दोन्हींत गल्लत होते.

उठताना मावशी विचारते, “पेपरात नाव यील का हो?” नाव छापायला बंदी घालणारं न्याय संहितेचं कलम ७२ बलात्काराच्या गटातल्या गुन्ह्यांपुरतं आहे, ७७ त्यात नाही. उच्च न्यायालयांच्या काही निकालांत पीडिता नुसती ‘एक्स’ असते, पण ते न्यायाधीशांनी ठरवलं म्हणून.