‘दहा दिवसांत पाच किलो’ या दाव्याचे गणित

मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांपासून मोबाइलवरच्या चित्रफितींपर्यंत ‘दहा दिवसांत पाच किलो वजन घटवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. पाच किलो चरबी दहा दिवसांत जाळायची, तर रोज 3,850 किलोकॅलरींची तूट पडायला हवी. बहुतेक प्रौढांच्या शरीराचा दिवसभराचा खर्चच 2,000 ते 2,500च्या आसपास असतो, म्हणजे दहा दिवस कडकडीत उपास करूनही हा आकडा गाठता येत नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारा फरक बराचसा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी होताच हा साठा वापरला जातो, पाणी बाहेर पडते आणि जेवण पूर्ववत झाले की परत येते.

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘योग्य आहार व व्यायामासह’ असे लिहिलेले असते, आणि खरे काम हीच ओळ करते. वजन घटवण्याच्या गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या गार्सिनिया कंबोजिया या आंबट फळाच्या अर्कातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हे स्पष्ट दाखवते. त्यात 135 जणांना बारा आठवडे कमी कॅलरींचा, तंतुमय आहार दिला गेला. काहींना अर्काची गोळी मिळाली, तर काहींना दिसायला तशीच, पण अर्क नसलेली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी 3.2 किलोंनी घटले आणि न घेणाऱ्यांचे 4.1 किलोंनी; हा फरक सांख्यिकीदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. जाहिरातीत फक्त पहिल्या गटातली माणसे दाखवली, तर गोळी गुणकारीच वाटेल.

हेच आम्ल आपल्या आमसुलातही असते, त्यामुळे ते निर्धोक वाटणे साहजिक आहे. परंतु आमटीतली दोन आमसुले आणि रोज घेतलेला संहत अर्क यांची मात्रा सारखी नसते, आणि अशा अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

मला अधिक काळजी वाटते ती खरोखर भूक मारणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांची. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढवत असल्यामुळे सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध अमेरिकेत 2010 मध्ये मागे घेतले गेले आणि भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली. तरीही वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत ते वेष्टनावर उल्लेख न करता मिसळलेले आढळले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण काय गिळत आहोत हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. अशी बरीच उत्पादने मात्र आहारपूरक म्हणून विकली जातात. तिथे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते, आणि त्यासाठी जाहिरातीचे छायाचित्र, पावती व बाटली जपून ठेवावी. गोळ्या घेतल्यावर छातीत धडधड झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर तीच बाटली घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.