शिली की श्ट्रोबेले? एकाच खटल्यातले दोन वकील, दोन तऱ्हेचे खासदार

सत्तरच्या दशकातल्या पश्चिम जर्मनीबद्दल वाचताना ओटो शिली आणि हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले या दोघांची हमखास गल्लत होते. दोघेही बर्लिनमधले डावे वकील. दोघांनीही 'रेड आर्मी फॅक्शन' या सशस्त्र गटाच्या आरोपींचं वकीलपत्र घेतलं आणि दोघेही पुढे ग्रीन पक्षाकडून बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत पोचले.

फरक पडतो तो कोर्टापासूनच. श्टुटगार्टमधल्या श्टामहाइम तुरुंगाशेजारी खास बांधलेल्या इमारतीत मे 1975 मध्ये या गटाच्या म्होरक्यांवरचा मुख्य खटला सुरू झाला. तिथे शिली आरोपी गुडरुन एन्सलिनची बाजू मांडत होते. गटाचा म्होरक्या आंद्रेआस बाडर याचे वकील असलेल्या श्ट्रोबेलेंना मात्र खटला उभा राहण्याआधीच दूर करण्यात आलं. कैद्यांमध्ये पत्रांची देवाणघेवाण घडवून आणल्याचा ठपका त्यांच्यावर होता. पुढे त्यावरूनच त्यांना शिक्षाही झाली. 1982 मध्ये ती दहा महिन्यांवर आली आणि स्थगित राहिली. शिलींवर असा डाग नाही. मार्च 1977 मध्ये तर उलटंच उघड झालं: तुरुंगात वकील आणि अशील यांचं बोलणं सरकारच चोरून ऐकत होतं. हा तपशील लक्षात ठेवा.

शिली 1983 साली ग्रीन पक्षाच्या पहिल्याच तुकडीतून खासदार झाले आणि फ्लिक या उद्योगसमूहाने राजकीय पक्षांना दिलेल्या छुप्या देणग्यांच्या चौकशी समितीत त्यांनी नाव कमावलं. 1989 मध्ये ते सोशल डेमोक्रॅट पक्षात गेले आणि 1998 ते 2005 चक्क गृहमंत्री होते. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर सुरक्षा यंत्रणांचे अधिकार वाढवणारे कायदे त्यांनीच आणले. दोघांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, याचं 'शिली बदलले, श्ट्रोबेले बदलले नाहीत' हे नेहमीचं उत्तर मला मात्र अर्धवट वाटतं. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारा, 2000 पासून लागू झालेला कायदाही शिलींच्याच खात्याचा. आपण त्या खटल्यातही कायद्याच्या राज्याच्याच बाजूने होतो, असं त्यांचं म्हणणं.

श्ट्रोबेलेंचा कायद्यावरचा विश्वास कमी नव्हता. त्यांचा संशय होता तो राज्यकर्त्यांवर. नोव्हेंबर 2001 मध्ये चॅन्सलर श्रोडर यांनी अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याचा प्रस्ताव विश्वासदर्शक ठरावाला जोडला. सरकार 336 मतांनी तरलं. लागत होती 334. शिली त्याच सरकारात मंत्री, आणि सत्ताधारी ग्रीन पक्षाचे श्ट्रोबेले विरोधात.

याची किंमत त्यांना 2002 मध्ये मोजावी लागली. जर्मन मतदाराला दोन मतं असतात: पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. लहान पक्षांचे खासदार बहुधा यादीतूनच येतात, त्यामुळे यादीत वरचा क्रमांक मिळाला नाही की कारकीर्द संपल्यातच जमा. श्ट्रोबेलेंना तो मिळाला नाही. मग सायकलवरून फिरणारा हा माणूस बर्लिनच्या फ्रीडरिशहाइन-क्रॉयत्सबेर्ग भागातून थेट पहिल्या मतांवर उभा राहिला आणि जिंकला. थेट निवडून आलेला हा ग्रीन पक्षाचा पहिलाच खासदार! पुढच्या तिन्ही निवडणुकाही त्यांनी तशाच जिंकल्या. शिली मात्र सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या यादीतून येत राहिले.

(या दोघांचा जुना सहकारी वकील होर्स्ट माहलर याची गोष्ट आणखी विचित्र. तो आधी त्या सशस्त्र गटाच्या संस्थापकांत होता, नंतर कडव्या उजव्यांकडे गेला. शिली गृहमंत्री असताना सरकारने एनपीडी या कडव्या उजव्या पक्षावर कोर्टाकडे बंदी मागितली, तेव्हा एनपीडीचा वकील हाच माहलर. 2003 मध्ये ती मागणी बारगळली.)

2013 मध्ये अमेरिकेची पाळत चव्हाट्यावर आली. सरकारी पाळतीची भीती काही अंशी भ्रमातून आलेली आहे, असं शिली म्हणाले. एकेकाळी ज्यांचं बोलणं सरकारने ऐकलं, त्याच वकिलांतले हे शिली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी श्ट्रोबेले वयाच्या 74 व्या वर्षी मॉस्कोला गेले, ती पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला भेटले आणि त्याचं पत्र घेऊन बर्लिनच्या पत्रकारांसमोर बसले.