पेशीतला पंप आणि मेदाची कुपी

'नॅनोकणांनी औषधाला न जुमानणाऱ्या कर्करोगावर मात' अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. त्या बातमीत दोन वेगवेगळे इतिहास एकत्र आलेले असतात, आणि ते सुटे करून पाहिल्याशिवाय 'मात' या शब्दाचं वजन कळत नाही.

पहिला इतिहास औषधाला दाद न देण्याचा. तो केमोथेरपीइतकाच जुना आहे. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यातल्या 10 मुलांना उतार पडला. (हे औषध लेडर्ली कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.) पण उतार तात्पुरता ठरला. रोग परतला, आणि परतला तो निबरून.

असं का होतं याचा एक धागा 1976 मध्ये टोरांटोत हाती आला. रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग हे चिनी हॅमस्टरच्या पेशींवर काम करत होते. कोल्चिसिन हे विषारी औषध पचवायला शिकलेल्या या पेशी, ज्यांच्याशी कधी गाठही पडली नव्हती अशा इतर औषधांनाही बधत नव्हत्या. त्यांच्या आवरणावर एक प्रथिन मुबलक सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. हा एक पंप आहे, हे पुढे स्पष्ट झालं. औषध आवरणातून आत शिरू लागलं की ऊर्जा खर्चून तो ते बाहेर फेकतो. होडीत शिरणारं पाणी उपसत बसावं तसं. औषधाला दाद न देण्याची इतरही कारणं आहेत, पण नॅनोकणांच्या गोष्टीत खलनायक म्हणून हाच पंप उभा केला जातो.

मग पंपच बंद पाडू, हा विचार ओघानेच आला. 1981 मध्ये जपानच्या ताकाशी त्सुरुओ यांनी व्हेरापामिल या हृदयरोगाच्या औषधाने उंदरांच्या पेशींत ते करून दाखवलं. माणसांत मात्र पंप अडवण्याइतका डोस द्यावा तर हृदयच धोक्यात येई. नंतर खास बनवलेल्या औषधांचीही गत बरी नव्हती, कारण हाच पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही राखणदारी करतो. तो बंद केला की केमोचं विष शरीरातच साठून राहायचं.

दुसरा इतिहास केंब्रिजजवळच्या बेब्रहॅमचा. तिथे 1960च्या दशकात अ‍ॅलेक बँगहॅम यांना सूक्ष्मदर्शकाखाली मेदाच्या इवल्या पिशव्या दिसल्या, त्या म्हणजे लायपोसोम. त्यांत औषध भरण्याची कल्पना लवकरच पुढे आली, पण यकृत आणि प्लीहा त्यांना रक्तातून चटकन गिळून टाकत. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवल्यावर त्या तगू लागल्या. जेरुसलेमच्या येचेझकेल बॅरेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझोन यांनी त्यांत डॉक्सोरुबिसिन हे लालभडक केमो-औषध कोंबलं आणि 1995 मध्ये अमेरिकेत 'डॉक्सिल' मंजूर झालं. आकार सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक कोट्यंश; नॅनोकणांचाच हा एक प्रकार. 2012 साली अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' तात्पुरतं आयात करू दिलं होतं.

हे दोन प्रवाह जिथे मिळतात तिथला युक्तिवाद मोहक आहे. सुटं औषध आवरणातून झिरपताना पंपाच्या तावडीत सापडतं, पण अख्खा कण पेशी घासासारखा गिळते, आणि औषध पंपाला चुकवून आत खोलवर सुटतं. प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसलंय. शिवाय त्याच कणात पंपाचं जनुक गप्प करणारा आरएनए भरता येतो. तेही उंदरांत जमलंय.

रुग्णांत? डॉक्सिलची खरी कमाई सुट्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला कमी इजा ही आहे. बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या 474 रुग्णांची चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत डॉक्सिलने टोपोटेकान या दुसऱ्या केमो-औषधापेक्षा जास्त आयुष्य दिलं ते प्लॅटिनमयुक्त केमो-औषधांना अजून दाद देणाऱ्या रुग्णांना. दाद न देणाऱ्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे नेमकं जिथे हवं होतं तिथेच नाही. माझ्या मते बातम्यांतला 'मात' हा शब्द इथेच लंगडा पडतो.

गाठीपर्यंत पोचतं तरी किती? आधीच्या दहा वर्षांतल्या, मुख्यतः उंदरांवरच्या, प्रयोगांची गोळाबेरीज 2016 मध्ये टोरांटोच्याच वॉरेन चॅन यांच्या गटाने मांडली. मध्यक आकडा निघाला, टोचलेल्या मात्रेच्या अवघा 0.7 टक्के.

त्यानंतरचं एक यश पंपाच्या कथेत बसत नाही. 2017 मध्ये मंजूर झालेल्या 'व्हिक्सिओस'मध्ये सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही जुनीच औषधं 5:1 या रेणू-प्रमाणात एकाच लायपोसोममध्ये आहेत, म्हणजे दोन्ही पेशीपर्यंत त्याच प्रमाणात जातात. एरवी केमोला फारशी दाद न देणाऱ्या तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या 60 ते 75 वर्षांच्या रुग्णांत मध्यक आयुर्मान 5.95 महिन्यांवरून 9.56 महिन्यांवर गेलं.